सुभेदारसाहेबांस, जय हिंद

आदरणीय साहेब,

गेल्या आठवड्यात डिसॅबिलिटी पेन्शनची थकबाकी खात्यात जमा झाली. बायकोने पासबुक दोनदा वाचलं आणि देवासमोर ठेवलं. तुम्हाला फोन केला, तर "बरां झालां" एवढंच म्हणून ठेवून दिलात. मग बोलायचं राहिलेलं लिहायला बसलो.

2019 ला सैन्यातून सुटून घरी आलो, तेव्हा रिलीज मेडिकल बोर्डाने (सुटताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने) ब्लड प्रेशरला 30 टक्के अपंगत्व दिलं आणि खाली शेरा मारला: सेवेमुळे झालेलं नाही, सेवेत वाढलेलंही नाही. या शेऱ्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'नाना' होतं. आमच्या देवगडकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. या नानाने माझी डिसॅबिलिटी पेन्शनच खाल्ली. कारण काय, तर आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत सापडला. त्याआधी फिल्डवर, खडतर भागात काढलेली वर्षं कोणी मोजलीच नाहीत. पहिलं अपीलही फेटाळलं गेलं, तेव्हा मी कागदांची ट्रंक माळ्यावर टाकली.

ती तुम्ही खाली उतरवायला लावलीत. पडवीत पावसाचे शिंतोडे येत होते, तुम्ही मांडीवर टॉवेल टाकून एकेक कागद पुसून वाचत होता. भरतीच्या मेडिकलचा कागद हाती लागला. शेरा 'फिट', आजाराचा रकाना कोरा. त्यावर बोट ठेवून म्हणालात, "मेल्या, बीपी काय आवशीच्या पोटातसून घेवन इललंस?"

एएफटीच्या, म्हणजे सैनिकांच्या खटल्यांसाठी असलेल्या न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठासमोर वकिलांनी हेच मांडलं, फक्त इंग्रजीत. धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये म्हटलंय की भरतीवेळी नोंद नसेल तर आजार सेवेतला धरायचा. तसं नाही हे सिद्ध करणं सरकारचं काम. डिसॅबिलिटी पेन्शनचे 2023 चे नवे नियम यायच्या आधीच मी सुटलो होतो, हेही तुम्हीच वकिलांना सांगितलंत. माझ्या पोस्टिंगचा तक्ता तुम्ही रेघा मारून हाताने केला होता, तारखांसकट. सुप्रीम कोर्टाच्या राम अवतार निकालामुळे 30 टक्क्यांचे 50 धरले गेले, ते तर मला ऑर्डर वाचूनही कळलं नव्हतं.

हापूसची पेटी तुम्ही परत पाठवलीत. बरोबरच आहे, देवगडात देवगडकराला आंबे कोण देतं! सुके बांगडे मात्र ठेवून घेतलेत.

रविवारी खालच्या वाडीतला सैन्यातला एक नायक येईल, कानाची केस आहे. भरतीचा कागद आधी शोध, असं त्याला सांगून ठेवलंय.

तुमचा,
एक हवालदार