टनांत मोजाल तर कोळसाच जिंकेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातल्या मुरगाव बंदराच्या धक्क्यांवर आपल्याकडे जो पत्रव्यवहार चालला आहे, तो मी नेमाने वाचतो. एक गट म्हणतो ‘कोळसो नाका’ (कोळसा नको), दुसरा विचारतो की मग बंदर चालवायचे कशावर? दोन्हींकडे माझे शेजारी आहेत. मी बंदराशेजारच्या सडा वस्तीत राहतो. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवले की काळे होते, त्यामुळे माझे मत वेगळे सांगायला नको. पण हल्ली या वादात एक तिसरे वाक्य ऐकू येते, ‘कोळसा बंद करा, कंटेनर आणा’. एकतीस वर्षे धक्क्यावर टॅली क्लार्क, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची मोजदाद लिहिणारा, म्हणून काढली असल्याने त्या वाक्याबद्दल चार शब्द लिहावेसे वाटतात. वाक्य बरोबर आहे. मात्र ते म्हणणाऱ्यांना वाटते की उंच क्रेन उभ्या केल्या म्हणजे झाले.

परवा एका तरुण मित्राने मोबाइलवर केरळातल्या विळिंजम बंदराच्या क्रेन दाखवल्या आणि विचारले, ‘काका, आपल्याकडे असे का नाही?’ त्याला म्हटले, बाबा, तिथे किनाऱ्यालगत १८-२० मीटर नैसर्गिक खोली आहे आणि जगाचा मुख्य जहाजमार्ग हाकेच्या अंतरावर. न्हावा शेवा १९८९ मध्ये सुरू झाले. वीस फुटी बॉक्सच्या (कंटेनरला आम्ही बॉक्स म्हणतो) हिशेबाने २०२३-२४ मध्ये तिथे ६४ लाखांहून जास्त बॉक्स हाताळले गेले. आता वाढवणला त्याच्याही तिपटीहून मोठा घाट घातला आहे. मुरगाव त्या पंगतीत बसणार नाही, आणि बसवू म्हणणारा माणूस एकतर भोळा आहे किंवा टेंडरवाला. आपल्याला जमण्यासारखे आहे ते फीडरचे काम, म्हणजे हजार-दीड हजार बॉक्सचे छोटे जहाज, जे इथला माल उचलून मोठ्या बंदरात नेऊन देईल. २०१८ पासून परदेशी झेंड्याच्या जहाजांनाही निर्यातीचे भरलेले बॉक्स एका भारतीय बंदरातून दुसऱ्यात नेण्याची मुभा आहे, म्हणजे कायद्याची आडकाठीही नाही.

अशा जहाजाला पाणी किती लागते? नऊ-दहा मीटर. आपल्या प्रवेशमार्गाची खोली १४ मीटरच्या वर आहे. मग तो मार्ग १९ मीटरहून खोल करण्याचा जो प्रस्ताव आला होता, ज्यावरून मच्छीमार हरित लवादापर्यंत गेले, तो कोणासाठी होता? कंटेनरसाठी नक्कीच नव्हता. ‘विकासासाठी गाळ उपसावाच लागतो’ असे जेव्हा सांगतात, तेव्हा कोणत्या जहाजाच्या विकासासाठी, एवढे विचारावे.

क्रेनचेही तसेच. रुळांवर चालणारी मोठी क्वे क्रेन तासाला पंचवीस-तीस बॉक्स हलवते, पण तिच्यासाठी धक्काच मुळात तसा बांधावा लागतो. चाकांवरची हार्बर मोबाइल क्रेन पंधरा-वीस हलवते. फीडरचे इथले दोनशे बॉक्स चढवायचे-उतरवायचे असतील तर त्याला ती दीड पाळीत मोकळे करते. हौसेला मोल नसते म्हणतात, क्रेनला असते. पैसे घालायचेच असतील तर जमिनीत घाला. यार्डात बॉक्स उचलून रचणारे यंत्र म्हणजे रीच स्टॅकर; भरलेला बॉक्स उचललेल्या रीच स्टॅकरच्या पुढच्या धुरीवर शंभर टनांच्या आसपास भार येतो. खनिजाचे ढीग ज्या मातीवर पडून राहिले, त्या मातीवर असले यंत्र दोन पावसाळ्यांत चाकोऱ्या पाडील. भक्कम फरसबंदी, रीफरसाठी, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या बॉक्ससाठी, पुरेसे प्लग आणि वीज गेली तर जनरेटर. फोटोत यातले काहीच छान दिसत नाही.

याहून मोठी गोष्ट वेळापत्रकाची. कोळशाचे जहाज भाड्याच्या ट्रकसारखे असते, माल असेल तेव्हा येते आणि थांबायचे तर थांबते. कंटेनरचे जहाज वास्को-पणजी शटल बससारखे. लोक तिच्या वेळेवर भरवसा ठेवून घरून निघतात. दोन दिवस ती आलीच नाही तर तिसऱ्या दिवशी माणूस स्कूटर घेतो.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ऑगस्ट महिना होता, मासेमारी नुकतीच सुरू झालेली. माणक्यो (स्क्विड) आणि बाळे (रिबन फिश) यांचे बारा रीफर आमच्या यार्डात प्लगला लावले होते, उणे अठरावर. जहाज शनिवारी लागायचे होते. शनिवारी कळले, सोमवारी. सोमवारी कळले की लाटांचे कारण देऊन ते आपल्याला वळसा घालून थेट वर गेले. दरम्यान एका रात्री वीज गेली आणि जनरेटर लवकर धरेना. मी आणि माझा जोडीदार टॉर्च घेऊन दर तासाला बाराही तापमाने वहीत लिहीत होतो, कारण उद्या भांडण लागले तर कागद आमचाच निघणार. माल वाचला. पण त्या व्यापाऱ्याने बारा ट्रेलर बोलावले आणि पाचशेहून अधिक किलोमीटर रस्त्याने न्हावा शेव्याला धाडले. पुन्हा तो आमच्या गेटवर दिसला नाही. त्याला कोणी दोष द्यावा? आज तर बाळ्ळीच्या कंटेनर डेपोतून मालगाडीचीही सोय आहे. म्हणजे मुरगावचा स्पर्धक गोव्यातच बसला आहे.

आता मूळ मुद्दा. बंदराची प्रगती आपण टनांत मोजतो. २०१०-११ मध्ये मुरगावातून ५ कोटी टनांच्या घरात माल हलला, त्यातला बहुतेक खनिज. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि २०१३-१४ ला आकडा सव्वा कोटीच्याही खाली आला. तेव्हापासून जो येतो तो हा खड्डा भरायच्या गोष्टी करतो. खड्डा टनांत मोजलात की तो भरायला टनच लागतात, आणि टन सर्वांत स्वस्तात कोळसा देतो. कोळशाच्या एका रेकला (मालगाडीला) अठ्ठावन्न वाघिणी, चार हजारांच्या आसपास टन. वेर्ण्याच्या कारखान्यांतून येणारा औषधांचा वीस फुटी बॉक्स जागेने भरतो, वजनाने नाही. आठ-दहा टन झाले तरी खूप. म्हणजे एका रेकची बरोबरी करायला चारशे बॉक्स. अहवालाच्या कोष्टकात कंटेनर नेहमीच दरिद्री दिसणार.

पण त्या चारशे बॉक्समागे किती हात असतात? कारखान्यात माल भरणारे, सील लावणारे, कस्टमचे कागद फिरवणारे, चारशे ट्रेलरचे ड्रायव्हर, वजनाचा दाखला देणारे (जुलै २०१६ पासून त्याशिवाय बॉक्स जहाजावर चढत नाही), जहाजावर बॉक्स बांधणारी लॅशिंगची गँग. आणि आम्ही टॅलीवाले. बॉक्सचा नंबर टिपायचा: चार अक्षरे, सात आकडे, शेवटचा चौकोनात. तो चौकोनातला आकडा आधीच्या दहांवरून हिशेबाने निघतो, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा लिहिला की पकडला जातो. आता ते कॅमेरा वाचतो म्हणे. बरे आहे, पावसात पाट्या पुसत फिरण्याचे मला काही कौतुक नाही. उलट कोळसा पट्ट्यावरून येतो आणि वाघिणीत पडतो. १९७९ मध्ये नऊ नंबरच्या धक्क्यावर खनिज भरण्याचा यांत्रिक प्रकल्प आला, तेव्हा धक्क्यावरची किती माणसे घरी बसली, ते आमच्या जुन्या फोरमनकडून मी अनेकदा ऐकले आहे.

कंटेनर म्हणजे सोवळे, असेही कोणी समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी ‘मार्स्क फ्रँकफर्ट’ आपल्याच समुद्रात पेटले, तटरक्षक दल दिवसचे दिवस पाणी मारत होते. २०२५ च्या मे महिन्यात ‘एमएससी एल्सा ३’ केरळसमोर ६४० कंटेनरांसह बुडाले आणि प्लास्टिकचे दाणे किनाऱ्यांवर येऊन पडले. चिखलीला २०१८ च्या जानेवारीत रस्त्यावर अमोनियाचा टँकर उलटला, ती पहाट वास्कोकर विसरलेले नाहीत. तेव्हा कंटेनर टर्मिनलचा आराखडा कोणी दाखवला तर घातक मालाचे बॉक्स कुठे ठेवणार, सड्याच्या वस्तीपासून किती लांब, आणि ट्रेलर कोणत्या रस्त्याने जाणार, हे मी पहिल्यांदा विचारीन.

आपल्याला एक विनंती. यापुढे बंदराचे वार्षिक आकडे छापाल तेव्हा टनांच्या शेजारी दोन रकाने वाढवा, वर्षात किती बॉक्स हलले आणि कंटेनरचे जहाज ठरल्या दिवशी किती वेळा लागले. पहिला आकडा मागितला तर मिळेल. दुसरा कोणी देईल असे वाटत नाही. तो मी सड्याच्या कठड्यावरून दुर्बिणीने मोजून महिन्याच्या महिन्याला पाठवीन. वही अजून आहे.

आपला,
एक निवृत्त टॅली क्लार्क
सडा, मुरगाव

(पुतण्या अजून धक्क्यावर कामाला आहे, म्हणून नाव छापू नये.)