वाडीवस्तीच्या वडापला रीतसर परवाना द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिलांना एसटीत अर्धे तिकीट मिळते, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास आहे, शाळेच्या मुलींना मोफत पास आहे. या सवलतींबद्दल सरकारचे आभारच मानतो. पण त्या सगळ्या एसटीच्या तिकिटाला जोडलेल्या आहेत, आणि आमच्या पाटण तालुक्यातल्या अनेक डोंगरवाड्यांवर एसटी फिरकत नाही. आलीच तर सकाळी एक फेरी. म्हणजे ज्या बाईच्या गावावरून दिवसभर गाड्या धावतात तिला अर्धे भाडे आणि जिच्या वाडीला एकही गाडी नाही तिने वडापला, म्हणजे माणसे गोळा करून नेणाऱ्या खासगी जीपला, पूर्ण भाडे मोजायचे. हा कुठला न्याय?

बाजाराच्या दिवशी वडापची जीप एकदा जवळून पाहावी. ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एक माणूस अर्धा बाहेर टेकलेला, मागच्या फाळक्यावर कॉलेजची पोरे लोंबकळत, टपावर खताची पोती. आत मांडीवर मांडी. घाटातल्या वळणावर काही झाले, तर टप्पा वाहतुकीचा, म्हणजे वाटेत माणसे चढवत-उतरवत नेण्याचा, परवाना नाही म्हणून विम्याचे पैसे अडकतात आणि जखमींचे घरवाले कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसतात. यात सगळा दोष ड्रायव्हरला देणे मला पटत नाही. गाडीचा हप्ता आणि डिझेल त्याच्याच खिशातून जाते, म्हणून गाडी भरल्याशिवाय तो हलत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसते, म्हणून दुपारी गाडीही नसते. रात्री दुखणे उद्भवले तर १०८ ची रुग्णवाहिका दवाखान्यात नेते, पण दुसऱ्या दिवशी सलाइन संपल्यावर घरी परतायला ‘स्पेशल’ गाडी करावी लागते. तिचे भाडे दोन-तीन दिवसांची मजुरी खाऊन टाकते.

मागणीनुसार वाहन म्हटले की लोकांना शहरातले ॲप आठवते. राज्याने २०२५ मध्ये इ-बाइक टॅक्सीला मान्यता दिली, तीही लाखाच्या वर लोकसंख्येच्या शहरांसाठी. पण ही पद्धत खेड्यात कधीचीच रुजली आहे. “दादा, उद्या सातला दोन शिटं ठेवा,” असा फोन आदल्या रात्री जातो, आणि एखादी म्हातारी उतरायला उशीर करत असेल तर ड्रायव्हर तिठ्यावर थांबतोसुद्धा. या पद्धतीला फक्त वेळापत्रक, ठरलेले भाडे आणि विमा नाही.

कायदा आड येतो असे अधिकारी सांगतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली. तेव्हापासून कलम ६७ च्या पोटकलम ३ प्रमाणे ग्रामीण वाहतुकीसाठी आणि शेवटच्या टप्प्याच्या प्रवासासाठी राज्य सरकारला वेगळी योजना आखता येते, त्याखाली परवाने देता येतात. एसटीच्या संपात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, राज्य सरकारनेच अधिसूचना काढून खासगी गाड्यांना प्रवासी नेण्याची मुभा दिली होती. अडचणीच्या वेळी जे चालले, ते आमच्या रोजच्या अडचणीत का चालू नये? तमिळनाडूने तर १९९७ पासून खेड्यांसाठी खासगी मिनीबसना परवाने दिले आहेत.

एसटी कामगारांची भीती रास्त आहे. बसच्या पाच मिनिटे पुढे पळून तिचे प्रवासी उचलणारे वडाप बंदच व्हायला हवेत, त्याबाबत मी पूर्णपणे एसटीच्या बाजूने आहे. म्हणून परवाना फक्त वाडी ते एसटीचा रस्ता एवढ्याच टप्प्याचा असावा आणि जीपची वेळ बसच्या वेळेशी जुळलेली असावी. एसटीने शिवशाहीच्या गाड्या खासगी मालकांकडून किलोमीटरच्या दराने चालवायला घेतल्याच होत्या. तशाच स्थानिक जीपगाड्या आगाराने घ्याव्यात. मग दुपारची फेरी रिकामी गेली तरी ड्रायव्हरचे नुकसान होणार नाही, कोंबून माणसे भरायचे कारण उरणार नाही, आणि तिकीट एसटीचेच असल्याने अर्धे भाडे, फुकट प्रवास, मुलींचा पास हे सगळे आपोआप वाडीपर्यंत पोहोचेल. फोन घ्यायला आगारात एक माणूस पुरे. वेगळ्या ॲपची गरज नाही, कारण अर्ध्या वाड्यांवर रेंजसुद्धा टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही.

मा. परिवहनमंत्र्यांनी आणि आमच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एखाद्या डोंगरी तालुक्यात हे वर्षभर चालवून पाहावे, ही विनंती. त्यात जून ते सप्टेंबर हे महिने यायलाच हवेत. ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहू लागले की सगळ्यात आधी एसटीची फेरी रद्द होते, आणि बाळंतपणे, परीक्षा, भातलावणीसाठी होणारी ये-जा काही थांबत नाही.

आपला,
एक वाचक
ता. पाटण, जि. सातारा