ट्रॅक्टर सुरू होईना म्हणून लगेच पंप खोलू नका

संपादक साहेब,

निफाडकडं थंडी वाढली की द्राक्षबागेतले जुने छोटे डिझेल ट्रॅक्टर सकाळी सुरूच होत नाहीत, आणि काही मेकॅनिक आल्या आल्या इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप खोलायचं काढतात, खर्च शेतकऱ्याच्या माथी. अहो आधी बॅटरीचे टर्मिनल खरवडा, अर्थिंगची वायर घट्ट करा. सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) जोरात फिरतोय पण धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाहीये, फिल्टरवरचा बोल्ट ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हँडपंप मारा. पांढरा धूर येत असेल तर हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन आतून तापवणारे प्लग, बघा. आणि हीटर प्लगवाल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे (इंजिन चटकन पेटावं म्हणून मारायचा ज्वालाग्राही फवारा) अजिबात मारू नका, तापलेल्या प्लगवर तो भडकतो, पिस्टन फुटू शकतो. कृषी विभागाने थंडीआधी गावोगावी हे दाखवावं ही विनंती.

- एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड