बॅग भरशील तेव्हा हे वाच

प्रिय बाबू,

फोनवर मी काही सांगायला गेले की तू 'हय गे आई, हय गे' करून ठेवून देतोस, म्हणून आज सगळं टाइप करूनच पाठवतेय, एका बोटाने, तेव्हा चुका असतील त्या चालवून घे. सोमवारी अ‍ॅडमिट, मंगळवारी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि तू सगळ्यांना सांगत फिरतोयस की मला काय टेन्शन नाही. तुझ्या रूमवरच्या मुलाने मात्र सांगितलं की रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागा असतोस आणि यूट्यूबवर गुडघ्यात ड्रिल मारतानाचे व्हिडिओ बघतोस. त्याला ओरडू नको, मीच खोदून खोदून विचारलं.

माझी अख्खी नोकरी वॉर्डात गेली, तेव्हा घाबरलेले पेशंट मी खूप बघितलेत. बायका सांगून टाकतात, रडतात आणि मोकळ्या होतात. तुमच्या वयाची मुलं हसत हसत येतात, नर्सशी मस्करी करतात आणि बीपी लावलं की आकडा वर. घाबरलास तर काही बिघडत नाही रे. लपवलंस तर बिघडतं. फक्त भीतीच नाही, दुसरंही काहीच लपवायचं नाही, हे एवढं एक धर, बाकी मी खाली काय काय लिहिलंय ते त्यातूनच येतं.

आधी पायाचं बघ. आज रात्री आंघोळ झाली की डाव्या पायाची बोटं फाकवून नीट बघ. पावसात ते ओले बूट घालून ग्राउंडवर जायचास (आताही मित्रांचा खेळ बघायला त्याच चिखलात उभा राहतोस, मला माहीत आहे), तेव्हा चिखल्या झाल्या असतील, खाज सुटली असेल, एखादा फोड, नखाच्या कडेला पू, काहीही असलं तर उद्याच डॉक्टरला फोन करून सांग. गुडघ्यात स्क्रू घालायचा असतो, नवीन लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, बसवायचं असतं, आणि त्याच पायावर इन्फेक्शन असेल तर कुठलाही शहाणा सर्जन हात लावत नाही, तारीख पुढे ढकलतो. सर्दी-खोकला-तापाचंही तसंच. तारीख जाईल म्हणून मुलं हे दडवतात. तारीख गेली तर दुसरी मिळते. सांध्यात इन्फेक्शन गेलं तर महिनोन्महिने निस्तरत बसावं लागतं. आणि गुडघ्यावरचे केस घरी रेझरने काढू नको. तुझे दाढीचे कापलेले गाल मी बघितलेत, तेच पायावर करशील. काढायचे असतील तर तिथे मशीनने काढतात. नखं मात्र काप आणि सोमवारी सकाळी साबणाने घसघशीत आंघोळ कर. तेल, पावडर, डिओ काही नको.

मग अ‍ॅनेस्थेशियाचे डॉक्टर तपासायला येतील, ते काय विचारतील त्याची खरी उत्तरं दे. सिगारेट ओढतोस. मला सांगितलं नाहीस, चालेल, त्यांना सांग. मे महिन्यात कॅम्पवर उर्राक, ती काजूची दारू, किती झाली तेही विचारलं तर सांग, ते काही पपांना फोन करणार नाहीत. जिमची पावडर, कुणी दिलेलं आयुर्वेदिक चूर्ण, दुखतं म्हणून मनानेच घेतलेल्या गोळ्या, सगळं. लहानपणी एका इंजेक्शनने तुझ्या अंगावर गांधी आल्या होत्या, त्याचा कागद मी शोधून ठेवलाय, माझ्याकडेच आहे, पण तूही तोंडाने सांगायचं. आणि सिगारेट आजपासून बंद, हे मी आई म्हणून नाही, सिस्टर म्हणून सांगतेय, नवीन लिगामेंट रुजायला रक्त नीट पोचावं लागतं आणि धूर त्याच्याच आड येतो.

उपाशी राहायचं सांगतील ते अगदी काटेकोर पाळ. साधारण हलकं खाणं सहा तास आधी बंद, जड तेलकट असेल तर आठ तास, पाणी दोन तास आधीपर्यंत, पण वॉर्डात जी वेळ सांगतील तीच खरी, माझी नाही. तू म्हणशील मला तर कमरेतून इंजेक्शन देणार, भूल थोडीच देणार, मग पोटाचा काय संबंध. संबंध असा की कमरेचं इंजेक्शन कधी कधी पुरेसं चढत नाही आणि मग पूर्ण भूल द्यावी लागते, त्यात पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवाशी खेळ. मी कामाला होते तिथे एकदा एका पेशंटला त्याच्या भावाने पहाटे गुपचूप भाजी-पाव चारला, बिचारा उपाशी आहे म्हणून. थिएटरच्या दारात स्ट्रेचरवर असताना त्या माणसाने स्वतःहूनच सांगितलं. केस रद्द झाली, सर्जन वैतागले, भाऊ तोंड लपवत फिरला, पण अ‍ॅनेस्थेशियाच्या मॅडमनी त्या पेशंटला हात जोडून थँक्यू म्हटलं. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं आणि माणूस चालत घरी गेला. तुला भेटायला मित्र येतील बन्स नाहीतर पॅटिस घेऊन, त्यांना सांगून ठेव.

आता बॅग. तू पाठवलेला फोटो बघितला. ती काय दिल्लीला निघाल्यासारखी ट्रॉली बॅग, बाबू? तीन जीन्स कशाला? ऑपरेशननंतर मांडीपासून पोटरीपर्यंत लांब पट्टा बांधतात, ब्रेस, त्यावरून जीन्स चढणार नाही, ट्रॅक पॅन्टही नाही. पपांच्या दोन जुन्या लुंग्या घे आणि मोठ्या ढगळ हाफ पॅन्ट घे, बस्स. टी-शर्टपेक्षा पुढे बटणं असलेले शर्ट बरे, हाताला सलाइन असतं. सगळं आताच वाळत घाल, जुलैत कपडे दोन दोन दिवस सुकत नाहीत आणि ओलसर वासाचे कपडे वॉर्डात मला चालणार नाहीत. चप्पल मागे पट्टा असलेली, ती रबरी सपाता नको, क्रचेसवर पहिल्यांदा उभा राहशील तेव्हा सपाता पायातून निसटते आणि पावसाळ्यात तिथल्या लाद्या ओल्याच असतात, लोक छत्र्या गळवत आत येतात.

कागद वेगळ्या छोट्या पिशवीत, तुझ्या मांडीवर राहतील असे: केसपेपर, एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, आधार, दीनदयाळ कार्ड (सरकारी आरोग्य विम्याचं), प्रत्येकाची झेरॉक्स. फिल्म प्लास्टिकमध्ये घाल, पाऊस आहे. चालू गोळ्या असतील त्या स्ट्रिपसकट आण, डबीत सुट्या नको, सुट्या गोळ्या बघून कोण काय ओळखणार. चार्जर लांब वायरचा, पॉवर बँक, इयरफोन. चष्म्याची डबी. पाणी प्यायला स्ट्रॉची बाटली, झोपून ग्लासाने पिताना सगळं मानेवर सांडतं. टॉवेल, ब्रश, साबण, एक चादर, आणि उशी घरची आण. पण ती डोक्याला हां, गुडघ्याखाली नाही. गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं म्हणून सगळे ठेवतात आणि मग गुडघा वाकलेलाच आखडतो, सरळ करताना फिजिओथेरपीत रडायची वेळ येते. ठेवायचीच तर टाचेखाली.

चेन, कडं, अंगठी रूमवरही ठेवू नको, रविवारी पपा येतील त्यांच्याकडे दे. मनगटातला लाल दोरा तिथे कापतील, तेव्हा आजीचं नाव काढून भांडू नको. आजीने काय केलंय ऐक, गावच्या सातेरीकडे जाऊन कौल लावून आली. देवीने उजवा प्रसाद दिला, म्हणजे उजव्या बाजूची पाकळी पडली, कौल चांगला, म्हणून खूश होती, आणि घरी आल्यावर एकदम घाबरली, की अगो बाय, ऑपरेशन तर डाव्या गुडघ्याचं, देवीने उजवा का दिला! तिला समजावता समजावता पपांची पुरेवाट झाली. प्रसादाची पाकळी कागदात घालून दिलीय, शर्टाच्या खिशात ठेव, शर्ट काढशील तेव्हा माझ्याकडे दे.

यावरून आठवलं. तिथे तुला चार-पाच जण विचारतील, नाव काय, कुठला पाय, कसलं ऑपरेशन. तू वैतागशील, की ह्यांना काहीच कसं माहीत नाही. त्यांना माहीत असतं. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने थिएटरसाठी एक चेकलिस्ट काढली, भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी सगळं मोठ्याने विचारून घ्यायचं. आमच्या वेळी हे कागदावर नव्हतं, चांगले सर्जन आपले आपण करायचे आणि बाकीचे नाही करायचे. तेव्हा विचारलं की दर वेळी पूर्ण नाव सांग आणि डावा पाय म्हण, हात लावून दाखव. मार्करने बाण काढतील तो डाव्यावरच आहे ना बघ. नसेल तर बोल. तिथे गप्प बसायला तू काही शाळेत नाहीस.

थिएटरमध्ये थंडी असते, एसी फुल, आणि अंगावर एक पातळ गाऊन. थरथर सुटेल, ती भीतीनेच असं समजू नको, थंडीने आणि औषधानेही सुटते, सांगितलंस की पांघरूण देतात. बोटाला क्लिप, दंडाला बीपीचा पट्टा जो आपोआप आवळतो, मशीन टिंग टिंग करत राहतं. मग बसवून उशी पोटाशी धरायला सांगतील आणि पाठ मांजरासारखी गोल कर म्हणतील. हे नीट केलंस की सुई पटकन जाते. तेवढा वेळ हलायचं नाही, श्वास हळू सोडत राहायचा. आत घेताना चार मोज, सोडताना सहा, आजपासून झोपताना कर म्हणजे तिथे आठवेल. नंतर पाय गरम गरम लागतात, मग जड, मग आपले नाहीतच असे. घाबरू नको, काही तासांनी परत येतात.

हे कमरेचं इंजेक्शन पहिल्यांदा १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअर नावाच्या डॉक्टरने दिलं (नाव गोव्यात शोभेल असं आहे खरं), आणि त्याने आपल्या असिस्टंटवर प्रयोग केला, कंबरेत औषध देऊन त्याच्या नडगीवर चक्क हातोडीने मारून बघितलं, दुखतंय का. नाही दुखलं. दोघांनी रात्री दारू पिऊन साजरं केलं आणि नंतर डोकं धरून बसले. ती डोकेदुखी आजही एखाद्याला होते, उठून बसलं की वाढते आणि आडवं झालं की कमी होते, पण सुया आता खूप बारीक आल्यात. झाली तर सहन करत बसू नको, सांग. लघवीचंही तसंच, या इंजेक्शननंतर काही वेळ होत नाही, पोट फुगतं, आणि मुलं लाजेने सिस्टरला सांगत नाहीत. अरे, सिस्टरला त्यात काही नवीन नसतं, मी तुला सांगतेय.

आणि ते ड्रिल. पाय बधिर असला तरी कान जागे असतात, आवाज येतो. तुला नको असेल तर आधीच म्हण, मला आवाज ऐकायचा नाही, थोडं झोपेचं औषध देता का, किंवा इयरफोन चालतील का. बरेच डॉक्टर हो म्हणतात. 'मला भीती वाटतेय' हे वाक्य अ‍ॅनेस्थेशियाच्या डॉक्टरला रोज ऐकायची सवय असते, आणि त्यावर द्यायला त्यांच्याकडे औषध असतं. शेजारीपाजारी येऊन 'कांयच जावचें ना', काही होणार नाही, म्हणून पाठ थोपटतात ना, त्यांच्याकडे काहीच नसतं. झोपेची गोळी मात्र मित्राकडून घेऊ नको, वॉर्डात देतील तीच.

मी सोमवारी साखळीहून सकाळच्या पणजीच्या बसने येते, तिथून बांबोळीच्या हॉस्पिटलची पकडते, तू वेर्ण्याहून मित्राच्या गाडीने ये, बाइकवर मागे बसून अजिबात नाही. पपा मंगळवारी येतील, ते येताना फुलांच्या खुरसाकडे, त्या क्रॉसपाशी, मेणबत्ती लावणार आहेत, आजीने देवीकडे केलं तर आपण तिथे करतो म्हणाले, करू देत. मी थर्मासमध्ये उकड्या तांदळाची पेज आणीन, पण खायला कधी द्यायची ते डॉक्टर सांगतील, तू नाही.

आणि चवथीला, गणपतीत, तू घरी असशील, पण पाटावर बसायला मिळणार नाही आणि गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला शिडीवर चढायचा विचारही करू नको. आरतीला घुमट, ते मातीचं वाद्य, वाजवायला खुर्ची ठेवते. फुटबॉलचं नंतर बघू, नऊ महिने वगैरे म्हणतात, सर्जनला तूच विचार, माझ्याकडून ऐकलंस की भांडतोस.

जेवलास का? कळव.

आई

ता. क. क्रचेस विकत घेऊ नको, शेजारच्या काकींकडे आहेत, काकांच्या वेळचे. उंची कमी-जास्त होते. फक्त खालची रबरं झिजलीत, ती पपा म्हापशाहून नवीन आणतायत.