न्यायमूर्ती रानडे यांस अनावृत आभारपत्र

कै. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे सेवेशी,

कृतानेक साष्टांग नमस्कार, वि. वि.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत आपले निधन झाले आणि त्यानंतर काही वर्षांनी माझी आजी जन्मली. आपली तिची भेट होण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही ऐन तरुणपणी वैधव्य आल्यावर आपल्या पत्नी रमाबाई यांच्या पुण्याच्या सेवासदनात तिला प्रवेश मिळाला, तेथे ती परिचारिकेचे काम शिकली आणि स्वतःच्या पगारावर तिने दोन मुली वाढवल्या. त्यांतली धाकटी माझी आई. तिला आणि पुढे मला हुजूरपागेत शिकता आले, आणि १८८४ साली ती शाळा उभी करणाऱ्यांत डॉ. भांडारकर व वामन आबाजी मोडक यांच्याबरोबर आपण होता. आमच्या घरातील तीन पिढ्यांचे हे ऋण कोणीतरी लिहून कळवायला हवे होते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मला त्यासाठी सवड मिळाली, एवढाच या पत्राच्या उशिराचा खुलासा.

मी स्वतः सरकारी नोकरीत चौतीस वर्षे काढली, त्यामुळे आपल्या चरित्रातील बदल्यांची पाने मी इतरांपेक्षा जरा सावकाश वाचते. १८७१ साली आपण पुण्यास न्यायाधीश म्हणून आला, लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या सार्वजनिक सभेच्या कामात शिरला, शेतसारा आणि दुष्काळ यांवरील सभेच्या निवेदनांना आपल्या अभ्यासाचे बळ मिळाले, आणि सरकारच्या मनात संशय आला. १८७८ मध्ये नाशिक, पाठोपाठ धुळे. वासुदेव बळवंत फडके यांच्या इंग्रजांविरुद्धच्या बंडाच्या त्या दिवसांत धुळ्यास आपला टपाल फोडून पाहिला जाई, आणि बंडवाल्यांच्या नावाने आलेली संशयास्पद पत्रे आपण स्वतःच पोलिसांकडे पाठवून देत होता. अशा वेळी माणूस राजीनामा तरी देतो किंवा मान खाली घालून सही करण्यापुरता उरतो. मी दुसऱ्या प्रकारची माणसे पुष्कळ पाहिली आहेत आणि काही दिवस त्यांच्यातलीच एक होते. आपण यांपैकी काहीच केले नाही. निवाडे चोख लिहिले आणि संस्थांची कामेही सोडली नाहीत. पुढे दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ मध्ये झालेल्या कर्जनिवारण कायद्याखाली आपली नेमणूक झाली, तेव्हा सावकारी दाव्यांचे निकाल तपासत आपण पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत गावोगाव फिरलात. १८९३ साली मिळालेल्या उच्च न्यायालयाच्या पदाचे मोठेपण सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मनात मात्र बैलगाडीच्या दौऱ्यांतले आपण अधिक ठसले आहात.

त्या दौऱ्यांत रमाबाई बरोबर असत, आणि माझ्या आभाराचे खरे कारण तेथे आहे.

आभारपत्रात लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला, पण न्यायाधीशापुढे अर्धीच बाजू मांडणे बरे नव्हे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे आपण, प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे नमलात आणि एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केलात. तेव्हाच्या सुधारकांना ते लागले आणि मलाही लागते. वडिलांचे मन मोडवले नाही, हे मला समजते, पटत नाही. परंतु त्यानंतर आपण जे केले ते क्वचितच कोणी करतो. अक्षरओळख नसलेल्या त्या मुलीला आपण विवाहानंतर लगेच शिकवायला बसलात. दिवसभर कचेरी, संध्याकाळी सभा, भेटीला आलेल्यांची वर्दळ, आणि एवढे झाल्यावर रात्री धडा. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तिला टाकून बोलत, तेव्हा आपण कोणावर आवाज चढवला नाहीत, तिला उलट उत्तर न देण्यास सांगितलेत, आणि धडा मात्र एकाही कारणाने थांबवला नाहीत. (मी असते तर आवाज चढवला असता, त्या घरात रोज राहावे तिला लागत होते, आपल्याला नव्हे, असेही एकदा मनात आले.) पुढे आपली दृष्टी अधू झाली तेव्हा वर्तमानपत्रे, पुस्तके, टपाल हे सारे त्याच रमाबाई आपल्याला वाचून दाखवू लागल्या. रमाबाईंनी आठवणी लिहून ठेवल्या नसत्या, तर पहाटे तुकोबांचे अभंग म्हणता म्हणता डोळे भरून येणारा गृहस्थ आम्हांला कधीच दिसला नसता; उरले असते केवळ पगडीतले छायाचित्र.

आपण गेलात तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. आठ वर्षांनी, १९०९ साली, त्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्याचे सेवासदन सुरू झाले. शिवण, अध्यापन, शुश्रूषा अशी पोटापाण्याची विद्या तेथे विधवांना मिळू लागली, आणि परिचारिकेचे काम हलके मानले जात असतानाच्या त्या काळात चांगल्या घरच्या मुली त्याकडे वळल्या. आजी सांगे, की पहिल्या महिन्याच्या पगाराच्या नोंदवहीत अंगठा पुढे करण्याच्या सवयीने तिचा हात उचलला गेला आणि मग तिला आठवले की आता आपल्याला सही येते. ती सही तिने इतकी सावकाश केली की मागच्या बाई खोळंबल्या.

ती सही आपल्या रात्रीच्या शिकवणीतून आली, असे मी मानते. कचेरीतील आपल्या कामाचे वृत्तांत दप्तरात जमा झाले, निवाडे ग्रंथांत छापले गेले. त्या शिकवणीची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात नाही. म्हणून तिच्याबद्दल हे वेगळे पत्र.

नोकरीची सवय जात नाही. पत्र पुरे होताच वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक घालायला हात गेला. पण हे ऋण खासगी समजावे की सार्वजनिक, हे ठरेना. तेव्हा ती जागा मोकळी ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली ऋणी,
सेवासदनात शिकलेल्या एका परिचारिकेची नात