फोटो काचेला टेकू देऊ नका

महोदय,

नान्नजच्या माळावरची काळविटे, सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वज, भुईकोट किल्ल्याचे बुरूज असे फोटो हौशी छायाचित्रकार आता उत्तम कागदावर छापून घेतात. छपाईला हात आखडत नाहीत, फ्रेम मात्र घाईत उरकतात. मग प्रिंट एमडीएफच्या फळीवर कायमची चिकटवून वर लॅमिनेशन होते, नाहीतर थेट काच टेकवून मागे हार्डबोर्ड ठोकला जातो. दोन्ही प्रकार फोटोच्या मुळावर येतात.

लॅबमधल्या नेहमीच्या फोटोचा पृष्ठभाग जिलेटिनचा असतो. ओलीने ते फुगते, मऊ पडते, काचेला धरते आणि तिथेच वाळते. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळिशीपार जातो आणि सप्टेंबरात पावसाचा जोर असतो, त्यामुळे हे चक्र दरवर्षी फिरते. गडद भागात ओले भासणारे चकाकते डाग दिसले की फोटो काचेला धरला असे समजावे. तो ओढून काढू नये, चित्राचा थर काचेवरच राहतो. आधी काचेसकट स्कॅन करावे, मग जाणकाराकडे न्यावे. पिगमेंट शाईच्या (इंकजेट) प्रिंटमध्ये जिलेटिन नसते, पण काचेच्या आत दव धरले की कागदाला बुरशी येते. अंतर तिथेही हवेच.

हे अंतर माउंट, म्हणजे फोटो आणि काच यांच्यामध्ये बसणारा, मधोमध खिडकी कापलेला जाड पुठ्ठा देतो. त्याची तयारी छपाईपासूनच करावी. १२ × १८ इंची कागदावर चित्र १० × १६ ठेवून भोवती एक इंच कोरी कड सोडावी. माउंट १७ × २३ घेऊन त्यात साडेदहा × साडेसोळाची खिडकी कापली की चारही बाजूंनी सव्वातीन इंच किनार मिळते आणि कोऱ्या कडेचा पाऊण इंच माउंटखाली दबतो. त्याखाली कागदी कोपरे लपतात. बिनआम्ल कागदाची पाऊण इंच रुंद, तीन इंच लांब पट्टी मध्यावरून दोन्हीकडे खाली दुमडली की त्रिकोणी खिसा होतो. असे चार खिसे मागच्या बोर्डाला चिकटवून त्यांत प्रिंटचे कोपरे सरकवावेत. कागद ओलीने वाढतो, म्हणून एखादा मिलिमीटर सैल ठेवावे. घट्ट बसवला तर मधोमध लाट येते. प्रिंटला स्वतःला डिंक, फेव्हिकॉल, सेलोटेप, दुहेरी टेप यांपैकी काहीही लागू नये.

माउंट किमान दीड मिलिमीटर जाड हवा. प्रिंट मोठी असेल तर दोन थर द्यावेत, कारण ती मध्यभागी फुगून काच गाठते. साध्या लगद्याच्या माउंटची तिरपी कापलेली कड काही वर्षांत पिवळी-तपकिरी पडते, तेच आम्ल फोटोतही उतरते. दुकानात नुसते ‘ॲसिड-फ्री’ ऐकून समाधान मानू नये. लिग्निन-फ्री (लाकडातला, कागद पिवळा पाडणारा घटक नसलेला), शक्य तर कॉटनचा माउंट मागावा. मागे एमडीएफ किंवा हार्डबोर्ड नको, त्यांतून आम्लाची वाफ सुटत राहते. सनबोर्ड बहुधा पीव्हीसीचा असतो, तोही नको. बिनआम्ल फोमबोर्ड किंवा पॉलीप्रॉपिलीनचा पोकळ शीट चालतो. शेवटी मागची फट कागदी पट्टीने बंद करावी. धूळ थांबते आणि कसरही सहज शिरत नाही.

पश्चिमेची भिंत टाळावी, ती रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. पावसात ओल धरणारी बाहेरची भिंतही नको. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर रबरी गोळ्या लावल्या की मागून हवा खेळते. अतिनील किरण रोखणारी काच उपयोगी आहे, पण साध्या उजेडानेही रंग उडतात. थेट ऊन पडणारी जागा तिच्या भरवशावर निवडू नये. काच पुसताना फवारा फडक्यावर मारावा. काचेवर मारला तर पाणी पट्टीच्या कडेने आत उतरते.

शहरातील फ्रेम दुकानदारांना विनंती आहे की, कॉटन माउंटचे चार-दोन शीट दुकानात ठेवावेत. आणि लॅमिनेशनसाठी फोटो हाती घेण्याआधी, तो पुन्हा कधी सुटा करता येणार नाही, एवढे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

— एक वाचक, सोलापूर