सेन्सर दंडावर, पण फोनच्या सेटिंगचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दंडावर पांढरी गोल चकती लावलेली माणसे आता लोकलच्या गर्दीतही दिसू लागली आहेत. साखरेवर सतत नजर ठेवणारा हा सेन्सर साधारण 14 दिवस चालतो आणि त्याला काही हजार रुपये मोजावे लागतात. तो विकत मिळतो तितक्या सहज तो कसा वापरायचा हे कळत नाही. खोके हातात पडते, कोणीतरी चकती टोचून देते, ॲप घालून देते आणि रुग्ण घरी जातो. मधुमेह समुपदेशनाच्या कामात कानावर येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचे मूळ सेन्सरमध्ये नसते. ते फोनमध्ये आणि अर्धवट माहितीत असते.

पहिली तक्रार ठरलेली: ‘रात्री साखर उतरली, पण अलार्म वाजलाच नाही.’ अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली ॲप बंद पाडतो. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरी पर्यायात जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावे लागते, काही फोनवर ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करावे लागते. नोटिफिकेशन, ब्लूटूथ आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ला ओलांडण्याची परवानगी या तिन्हींपैकी एक जरी राहिली तरी अलार्म मुका. फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि माणूस आतल्या खोलीत, असेही चालत नाही, कारण सेन्सरचा पल्ला वीसेक फुटांचा आणि मध्ये भिंत आली की त्याहून कमी. जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये तर अलार्मच नाही. तिथे फोन चकतीजवळ नेऊन स्कॅन करावे लागते आणि आठ तासांपेक्षा जास्त खंड पडला की मधली नोंद पुसली जाते. फोनच्या कव्हरमध्ये धातूची पट्टी किंवा लोहचुंबक असेल तर स्कॅन होत नाही. सेन्सर चालू असताना ॲप काढून पुन्हा टाकणे किंवा फोन बदलणे टाळावे, चालू सेन्सर वाया जाण्याची शक्यता मोठी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सेन्सरची बारीक तार रक्तात नसते. ती त्वचेखाली, पेशींच्या मधल्या द्रवात असते. तिथली साखर रक्तातल्या साखरेच्या पाच-दहा मिनिटे मागे चालते, साखर झपाट्याने बदलत असेल तेव्हा त्याहूनही मागे. त्यामुळे जेवणानंतर ग्लुकोमीटर आणि ॲप यांचे आकडे जुळले नाहीत म्हणून सेन्सर बिघडला असे होत नाही. खरा घोटाळा साखर उतरल्यावर होतो. आकडा 62, घाम, थरथर. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घेतली, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम. दहा मिनिटांनी ॲप पाहिले तर 58 आणि बाण अजून खालीच! मग घाबरून पेढा, मग बिस्किटे, मग चहा. दोन तासांनी आकडा 260. अशा वेळी साखर घेतल्यावर 15 मिनिटे थांबून बोटातून रक्त काढून ग्लुकोमीटरवर तपासावे. लक्षणे एक सांगत असतील आणि ॲप दुसरे, तर ग्लुकोमीटरचे ऐकावे. सेन्सर आला म्हणून ग्लुकोमीटर माळ्यावर टाकू नये.

आकड्याइतकाच बाणही वाचायला शिकावे. एका लोकप्रिय ॲपमध्ये सरळ वर बाण म्हणजे साखर मिनिटाला डेसिलिटरमागे 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने वाढते आहे, म्हणजे पाव तासात 30 हून जास्त. घरी बसलेल्या माणसाला 110 आणि आडवा बाण निर्धास्त वाटावा. तेच 110 आणि खाली बाण, इन्सुलिन घेऊन विरार लोकल पकडायला निघालेल्याने खिशात साखर असल्याची खात्री करून घ्यावी.

पहाटे तीनला साखर एकदम 50 वर, उठून बसल्यावर थोड्या वेळात 105, असा आलेख दिसला तर आधी रात्री कोणत्या कुशीवर झोपलात ते आठवा. चकतीवर भार पडला की आकडा खोटा खाली जातो. उलट प्रकार व्हिटॅमिन सीचा: काही सेन्सरमध्ये दिवसाला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतल्यास आकडा खोटा वर दिसतो आणि खरी उतरलेली साखर झाकली जाते. चघळायची एक गोळीच अनेकदा 500 ची असते. लोक ती औषधात धरतच नाहीत. लावल्यापासून पहिला दिवस आकडे जरा डगमगतातच, त्यांवर इन्सुलिन ठरवू नये.

मुंबईच्या दमट हवेत चकती निघून येणे ही नेहमीचीच रड. दंडाची मागची बाजू साबणाने धुवावी (क्रीमवाला साबण नको), स्पिरिटने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. फुंकर मारून घाई केली की चिकटपट्टी तिसऱ्या दिवशी सुटते. वरून पट्टी लावायची तर चकतीच्या मधले छोटे भोक झाकू नये. गर्दीत ज्या हाताने दांडी धरता तो दंड सोडून दुसरा निवडावा, बॅगेचा पट्टा घासतो ती जागाही टाळावी. इन्सुलिन टोचण्याच्या जागेपासून किमान एक इंच लांब. एमआरआयआधी बरेच सेन्सर काढावे लागतात, तेव्हा तारीख ठरलेली असेल तर आदल्या आठवड्यात नवा लावू नये.

उच्च साखरेचा अलार्म पहिल्याच दिवशी 180 वर ठेवणे हा हमखास फसणारा उत्साह. पोह्यांनंतर वाजतो, साबुदाण्याच्या खिचडीनंतर तर वाजतोच वाजतो, आणि वैतागून माणूस सगळेच अलार्म बंद करतो, खालच्यासकट. सुरुवातीला वरचा 250 वर ठेवावा, खालचा 70 वर आणि तो कधीही बंद करू नये. डॉक्टरांना दाखवताना एकेक टेकडी दाखवण्यापेक्षा 14 दिवसांचा अहवाल दाखवावा. बहुतेक प्रौढांसाठी 70 ते 180 मध्ये 70 टक्क्यांहून जास्त वेळ आणि 70 च्या खाली 4 टक्क्यांहून कमी वेळ हे उद्दिष्ट धरतात. वृद्धांसाठी ते सैल असते, गरोदर स्त्रियांसाठी कडक. परगावची मुले ॲपवर आईचा आलेख पाहून दर तासाला फोन करतात, त्याने मात्र कोणाचीच साखर सुधारत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांना, साखर उतरल्याचे न कळणाऱ्यांना याचा फायदा खरा आहे. फक्त मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर असलेल्याने बाराही महिने सेन्सर लावायची गरज आम्हाला तरी दिसत नाही. अधूनमधून एखादा लावून कोणते जेवण बाधते ते पाहिले तरी पुष्कळ.

विक्रेत्यांना आणि दवाखान्यांना विनंती एवढीच की बिल करण्याआधी फोनचे मॉडेल ॲपला चालते का ते पाहावे, रुग्ण काय काय गोळ्या घेतो ते विचारावे आणि अलार्मची परवानगी समोर बसून चालू करून द्यावी. वीस मिनिटांचे काम आहे. आणि चकती लावल्यावर उरणाऱ्या यंत्रात सुई असते, हेही सांगावे. ते झाकण लावून वेगळे बांधून द्यायचे असते. ओल्या कचऱ्यात गेले तर सफाई कामगाराच्या हातात घुसते.

— एक मधुमेह समुपदेशक, मुलुंड, मुंबई